हात हिचे, पाला माझा

पाठ स्वतःची असली तरी ती बघायला दुसरं माणूस लागतं. माझ्या पाठीच्या बाबतीत हे काम गेली एकोणचाळीस वर्षं आमच्या हिच्याकडे आहे. त्या सोमवारी मी आंघोळ करून टॉवेल गुंडाळून बाहेर आलो आणि हिच्या हातातली बशी खाली पडली.

"अहो, हे काय?"

"काय?"

"पाठ!"

"ती असतेच तिथं."

"विनोद पुरे. जांभळी झालीय सगळी! कुठं पडलात? कुणी मारलं?"

या वयात मला मारण्याइतका रस कुणाला उरलेला नाही, हे मी सांगणार होतो. पण हिनं मला आरशापुढं उभं केलं, मागं हातातला आरसा धरला, आणि माझी मान जेवढी वळते तेवढ्यात मला जे दिसलं ते पाहून माझाही विनोद सुकला. खांद्यापासून कमरेपर्यंत वांग्याच्या रंगाचे डाग पसरले होते. मधूनमधून हिरवी झाक. कुणीतरी माझ्या पाठीवर जगाचा नकाशा काढून समुद्र रंगवायचे विसरला होता.

हे सगळं मी माझ्या हातांनी केलं होतं. खरं तर तोंडानं. पण नाव झालं पक्कडताईंचं.

पक्कडताई हे नाव आमच्या शेजारच्या निवृत्त फौजदारांनी ठेवलेलं. ताई मालीश करत. त्यांच्या अंगठ्यात आणि तर्जनीत खांद्याची शीर एकदा सापडली की सुटायची नाही. "पंचवीस वर्षं मी लोकांना कबूल करायला लावलं," फौजदार म्हणत, "पण ही बाई चौकीत असती तर मला लवकर बढती मिळाली असती." ताईंना हे नाव माहीत होतं. "मागं पक्कड म्हणतात, पुढं ताई म्हणतात. मी दोन्हीला ओ देते," असं त्या सांगायच्या.

टायरच्या दुकानाच्या वर एक फिजिओथेरपीचं क्लिनिक होतं. जिना चढताना रबराचा वास यायचा आणि वर पोचलं की आलं-लसणाचा. मागच्या खोलीत दोन टेबलं, मध्ये पडदा. टेबलाला हिरवं रेक्झिन, आणि तोंड खुपसायला एक भोक. त्या भोकातून फरशीचे चार चौकोन आणि ताईंचे कॅनव्हासचे बूट दिसत. डाव्या बुटाच्या करंगळीपाशी भोक पडलेलं. पहिले तीन आठवडे मी त्या बाईंना मुख्यतः पायांवरूनच ओळखत होतो. चेहरा येता-जाता दिसायचा तेवढाच: रुंद, शांत, आणि कपाळावर घाम. हातात घड्याळसुद्धा नाही. नखं रोज सकाळी कापलेली. उजवा अंगठा तीस वर्षांच्या दाबानं चमच्यासारखा चपटा झालेला.

पण नुसत्या हातांवर त्यांचा विश्वास नव्हता. "नुसतं चोळणं म्हणजे भांडी घासणं," त्या म्हणत. "आत काहीतरी जायला पाहिजे." ते काहीतरी त्यांच्या घरून यायचं. त्यांची नणंद, जिला त्या 'वन्सं' म्हणत, ती ते बनवायची. निर्गुंडीचा आणि एरंडाचा पाला, आलं, लसूण, ओवा, असं तिळाच्या तेलात तासन्‌तास उकळायचं. त्याच पाल्याच्या कापडात बांधलेल्या पुरचुंड्या. त्या तव्यावर गरम करून पाठीवर दाबायच्या. आणि ज्याचं दुखणं जुनं, त्याला पोटात घ्यायला बाटलीभर काढा.

या नणंद-भावजयींची कथा ताई हात चालवता चालवता सांगायच्या. ताईंचे यजमान लवकर गेले. वन्संचं लग्न झालंच नाही. दोघी त्याच दोन खोल्यांत राहिल्या, आणि ज्याच्यामुळं दोघींचं नातं होतं तो माणूस गेल्यावरही भांडत राहिल्या.

"तीस वर्षं भांडतो आम्ही," ताई सांगत. "एकदा मी म्हटलं, वन्सं, लोक येतात ते माझ्या हातासाठी. झालं! आठ दिवस बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी जेवणाचा डबा पुढं ठेवला नि म्हणाल्या, हात तुझे, पाला माझा. आजपासून नुसत्या हातांनी करून बघ. बघितलं करून. चौथ्या दिवशी पेशंटच विचारायला लागले, बाई, तेल बदललं का? मग घरी जाऊन मुकाट कबूल केलं."

"मग त्या काय म्हणाल्या?"

"काय म्हणायच्या! त्या दिवसापासून शेजारणीपाजारणींना सांगतात, हात हिचे, पाला माझा. मी समोर असले की जरा मोठ्यानं."

तेल झालं की नाही हे वन्सं कानानं ओळखत. पाल्यातलं पाणी आहे तोवर तेल चरचरतं. चरचर थांबली की तेल तयार. त्यामुळं शनिवारी तेल चढलं की घरात कुणी बोलायचं नाही. "आठवड्यात तेवढाच एक दिवस आमचं भांडण होत नाही," ताई म्हणायच्या.

मला तिथं नेलं फौजदारांनी. ते माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे, आणि बागेत रोज माझ्यापेक्षा एक फेरी जास्त मारतात. फेरी संपली की बाकावर बसून विचारतात, "काय, तुमच्या गोळ्याबिळ्या?" आणि मी रोज छाती काढून सांगतो, "एक नाही!" त्यांच्या एकूण अकरा आहेत. त्या बाकावर माझ्याकडं एवढी एकच मालमत्ता होती.

ती खोटी होती. दोन वर्षांपूर्वी माझ्या हृदयाच्या एका नळीत जाळी बसवली, आणि तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची गोळी रोज सकाळी मी घेतो. फौजदारांना तेव्हा मी मुलीकडं गेलो होतो असं सांगितलं होतं. घरी मात्र हिनं सगळ्या गोळ्यांची नावं एका कार्डावर लिहून, ते प्लॅस्टिकमध्ये घालून माझ्या प्रत्येक सदऱ्याच्या खिशात एकेक ठेवलं होतं. "कुठंही गेलात, कुणी हात लावायच्या आधी हे कार्ड दाखवायचं. न्हाव्यालासुद्धा," अशी ताकीद होती.

पहिल्या दिवशी मी सदरा काढून खुंटीला लावला. कार्ड खिशात राहिलं आणि मी भोकात तोंड खुपसलं. पडद्यापलीकडच्या टेबलावर फौजदार विव्हळत होते. त्यांचं आधीच चालू झालं होतं, आणि पुरचुंडीखाली पाठ शेकत पडले होते. कॅनव्हासचे बूट माझ्या टेबलापाशी येऊन थांबले.

"कुठं दुखत नाही ते सांगा. बाकीचं मी शोधते."

"नाक सोडून सगळीकडं."

"बरं. पोटात काय काय जातं?"

"सकाळी चहा, मग..."

"जेवण नाही हो. गोळ्या. बीपीच्या, साखरेच्या, रक्त पातळ करायच्या?"

पडद्यापलीकडचं विव्हळणं एकदम थांबलं.

"एकही नाही," मी म्हणालो. पलीकडं जाईल एवढ्या आवाजात.

"या वयात एकही नाही?"

"नाही."

"नीट आठवा. माझ्या काढ्यात लसूण असतो, सुंठ असते. ती रक्त पातळ करतात. वर तुमची गोळी असली आणि वरनं मी जोर लावला तर आत रक्त साकळेल. तसल्या माणसांना मी काढा देत नाही. त्यांना नुसतं साधं तेल, आणि हात असा, मांजर पिल्लाला उचलतं तसा. म्हणून विचारते. रक्त पातळ करायची गोळी?"

"अहो ताई, माझं रक्त मुळातच पातळ. लगेच तापतं."

पडद्यापलीकडं फौजदार हसले. ताई हसल्या नाहीत.

"मग आज जरा जोरात घेते," त्या म्हणाल्या.

तीनदा विचारलं होतं त्यांनी. तीनदा. मी आकडा मुद्दाम सांगतोय, कारण पुढं त्याला फार महत्त्व येणार आहे.

पुढचे तीन आठवडे सुखाचे गेले. जिथं ताईंचा अंगठा टेकायचा तिथं आधी प्राण जायचा आणि मग परत येताना दुखणं बाहेर ठेवून यायचा. काढा जेवणानंतर दोन चमचे घ्यायचा होता. मला वाटलं, दोन चमच्यांत एवढा गुण तर अर्ध्या पेल्यात किती! मी पेला सुरू केला. लसणाचा वास येऊ लागला तेव्हा ही उशी घेऊन दुसऱ्या खोलीत झोपायला गेली, म्हणून माझी पाठ तिला दिसायचीही बंद झाली. नाहीतर ते डाग आठवडाभर आधीच सापडले असते. आणि मग तो सोमवार आला.

मुलीला फोन गेला. ती अर्ध्या तासात आली. माझ्या हृदयाच्या डॉक्टरांनी फोनवरच काढा बंद करायला सांगितलं. वरवरचं आहे, पंधरा दिवसांत जाईल, नशीब समजा, असंही म्हणाले. खरं म्हणजे तिथं विषय मिटला होता. पण माझ्या मुलीत तिच्या आईचा अर्धा स्वभाव आहे आणि उरलेला अर्धाही तिच्या आईचाच. दोघींनी मला मध्ये धरून टायरच्या दुकानावरचा जिना चढवला.

क्लिनिकचे डॉक्टर तरुण होते. सभ्य होते. त्यांनी माझी पाठ पाहिली, ओठ चावला, आणि ताईंना बोलावलं. ताई हात पुसत आल्या. पाठ पाहून त्यांचा हात तोंडाशी गेला.

"हे कसली गोळी घेतात?" हा त्यांचा पहिला प्रश्न. पाठ बघताच त्यांना कळलं होतं.

हिनं माझ्या खिशातून कार्ड काढलं आणि त्यांच्यापुढं नाचवलं. "ही! दोन वर्षं घेतायत. तुम्ही विचारायला नको?"

"विचारलं होतं," ताई म्हणाल्या. "तीनदा विचारलं."

डॉक्टर म्हणाले, "लेखी आहे कुठं?"

"मी तोंडानं विचारते. मालीशला कुठं फॉर्म असतो आपल्याकडं? तुम्हीच म्हणाला होतात, मालीश म्हणजे काय ऑपरेशन आहे का."

डॉक्टरांनी माझ्याकडं तोंड वळवलं. "काका, तुम्ही सांगा. यांनी विचारलं होतं?"

आता इथं मी काय करायला हवं होतं हे कुणालाही कळेल. चार शब्द होते. विचारलं, मी खोटं बोललो. पण एका बाजूला ही उभी होती, हातात कार्ड घेऊन. दुसऱ्या बाजूला मुलगी. आणि मला एकाएकी पुढची दहा वर्षं दिसली. फौजदारापुढं फुशारकी मारण्यासाठी बाबांनी जीव धोक्यात घातला, ही गोष्ट प्रत्येक पाहुण्याला, प्रत्येक जेवणात, माझ्यासमोर. साठी उलटलेल्या माणसाला बायकोच्या बोलण्याची किती भीती वाटावी याला काही मर्यादा असायला हवी. मला नव्हती.

"मला... नीट आठवत नाही," मी म्हणालो.

ताईंनी माझ्याकडं पाहिलं. जिना संपला असं समजून पाऊल टाकावं आणि खाली आणखी एक पायरी निघावी, तेव्हा माणसाचा चेहरा होतो तसा त्यांचा झाला. राग नव्हता त्यात. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

डॉक्टरांनी टेबलावर बसून एक कागद लिहिला. बाहेरचं तेल आणि काढा वापरल्यामुळं रुग्णाला अपाय झाला, यापुढं असं काही आणणार नाही, अशा अर्थाचा. "सही करा ताई. तुम्हाला काढत नाही मी. उद्यापासून आपल्याकडच्या बाटलीतलं तेल वापरा. काम चालू राहील."

ताईंनी कागद दोनदा वाचला. "तेलानं अपाय केला असं लिहून देऊ?"

"त्या तेलात काय होतं कुणास ठाऊक."

"मला ठाऊक आहे. आणि जिनं केलं तिला ठाऊक आहे."

"त्यांना कळवायचंच कशाला?"

"शनिवारी तेल चढवू नका म्हणून सांगावं लागेल ना. का म्हणून विचारतील. मग काय सांगू?"

डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं. उत्तर माझ्याकडं होतं, ते मी गिळलं. ताईंनी एप्रनची गाठ सोडली, तो घडी करून टेबलावर ठेवला. आत जाऊन तेलाच्या दोन बाटल्या आणि पुरचुंड्यांचा डबा घेतला. दारातून जाताना माझ्या हिला म्हणाल्या, "महिनाभर कुठं आपटू देऊ नका यांना." आणि गेल्या.

घरी येताना ही म्हणाली, "बाई वाईट नव्हती हो. पण विचारायला नको?"

मी म्हणालो, "हं."

तो एक 'हं' मला अजून घशात टोचतो.

पाठ पंधरा दिवसांत गोरी झाली. बागेत फौजदार भेटले. त्यांनी चौथी फेरी पुरी केली, बाकावर बसले, घाम पुसला आणि म्हणाले, "जाळी बसवलीय म्हणे तुम्हाला."

"कुणी सांगितलं?"

"आख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. तुमच्या घरच्यांचा आवाज खणखणीत आहे." मग पाय लांब करून, "त्या दिवशी मी ऐकलं होतं बरं का. पडद्यामागनं. तुम्ही म्हणालात, एकही नाही. माझं रक्त मुळातच पातळ. चांगला होता विनोद."

माझे कान तापले. "मग तुम्ही डॉक्टरांना सांगितलं का नाही?"

"मला कुणी विचारलं?" फौजदार म्हणाले. "आयुष्यभर एक शिकलो, साक्षीदारानं बोलावल्याशिवाय जायचं नाही. आणि फिर्यादी तुम्ही, आरोपी तुम्ही. मधल्या मध्ये मी कशाला? तुमचं गुपित माझ्या पोटात राहील, काळजी नको."

त्यांनी माझ्या मांडीवर थाप मारली. आम्ही दोघं थोर माणसं त्या बाकावर बसून राहिलो. त्यांच्या अकरा गोळ्या, माझ्या चार.

त्यानंतर मी टायरच्या दुकानाचा रस्ता टाळू लागलो. दूध आणायला लांबून जायचं, केस कापायला लांबून जायचं. आणि एक दिवस त्या लांबच्या रस्त्यानंच मला धरलं. एका लॉन्ड्रीच्या पुढं कपड्यांचा ढीग, आणि ढिगामागं ताई इस्त्री करत होत्या. तोच चपटा अंगठा कॉलरच्या टोकावर दाबलेला. मी सटकणार होतो, पण त्यांनी मान वर केली.

"पाठ बरी आहे?"

"बरी आहे." मग काहीतरी बोलायचं म्हणून, "मालीश सोडलंत?"

"सोडलं कशाला, सुटलं. अंगात रक्त साकळवते म्हणून नाव झालं. एकदोघी घरी बोलवायच्या, त्यांनीही बंद केलं."

"पण तुम्ही घरचं तेल..."

"तेल कुठं आहे आता?" त्यांनी सदरा उलटा केला, त्याच्या पाठीवर पाणी शिंपडलं. "वन्संनी बंद केलं. त्यांच्या मनानं घेतलंय, चूक त्यांची. निर्गुंडीसारखं दिसणारं दुसरं एक पान असतं, ते अंगाला बाधतं. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना रंग वेगळे दिसतात. म्हणतात, त्या दिवशी माझ्या हातून तेच पान पडलं असणार."

"पण तसं नव्हतं!" माझ्या तोंडून निघून गेलं.

"मीही तेच सांगते. म्हटलं, मी त्यांना विचारलं होतं, तेच खोटं बोलले. त्या म्हणतात, तो सज्जन माणूस आठवत नाही म्हणाला ना? तू मला सांभाळून घेतेस." इस्त्री जागच्या जागी थांबली होती. "पहिल्या दहा वेळा मी छातीठोक सांगितलं, विचारलं होतं. अकराव्या वेळी माझं मलाच वाटलं, विचारलं होतं का खरंच? की सवयीनं वाटतंय? तीस वर्षं सगळ्यांना विचारते मी. एकाला राहिलं असेल का?"

सदऱ्याला करपट वास यायला लागला. त्यांनी झटकन इस्त्री उचलली. पाठीवर बारीकसा पिवळा डाग पडला होता. "बघा," त्या म्हणाल्या, "आता याचं काय सांगू मालकाला?"

"तीनदा विचारलं होतंत," मी म्हणालो. "मी खोटं बोललो. पडद्यामागं फौजदार होते म्हणून. आणि नंतर घरच्यांच्या भीतीनं."

त्यांनी त्या पिवळ्या डागावर ओलं फडकं घासलं. मग म्हणाल्या, "मला सांगून काय? मी तिथं होतेच."

घरी आलो आणि हिला सांगितलं. सगळं. वाटलं होतं तेवढी ती ओरडली नाही. मुळीच ओरडली नाही. जेवायला वाढलं आणि समोर बसली नाही. ज्या बोलण्याला मी चार महिने घाबरलो होतो ते बोलणं आलंच नाही. ते आलं असतं तर निदान एवढ्यासाठी केलं असं तरी म्हणता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी क्लिनिकमध्ये गेलो. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "काका, तुम्ही आलात हे चांगलं केलंत. पण आता..." त्यांनी मागच्या खोलीचं दार उघडून दाखवलं. हिरवी टेबलं गेली होती. पडदाही गेला होता. तिथं एक भली मोठी काळी खुर्ची होती, बटण दाबलं की घरघरत पाठ रगडणारी. "ही गोळ्या विचारत नाही," मी म्हणालो. डॉक्टर हसले. त्यांना तो विनोद वाटला.

रविवारी ताईंचं घर शोधत गेलो. तिसरा मजला, गॅलरीच्या टोकाला दोन खोल्या. गॅलरीत दोरीवर पाला वाळत घालायच्या रिकाम्या चाळण्या टांगलेल्या. ताईंनी दार उघडलं आणि बाजूला झाल्या.

वन्सं खिडकीपाशी बसल्या होत्या. बारीक, ताठ, जाड चष्मा. मला वाटलं होतं, भांडखोर बाई असेल. मी कोण हे कळल्यावर त्या उठून उभ्याच राहिल्या.

"तुम्ही! बसा ना. पाठ कशी आहे? मी कितीदा म्हटलं हिला, आपण जाऊन त्यांची माफी मागू. ही येईना."

"माफी मला मागायचीय," मी म्हणालो आणि सगळं सांगितलं. पडदा, फौजदार, एकही नाही, तीनदा. अर्धा पेला काढा. आठवत नाही. काहीही लपवलं नाही. विनोद एकही केला नाही.

त्यांनी मान हलवत हलवत ऐकलं. संपल्यावर भावजयीकडं पाहिलं. "तू सांगून आणलंस का यांना?"

"मी कशाला आणू?" ताई दारातूनच म्हणाल्या.

"नाही हो, मी आपण होऊन आलो. आणि तुमच्या तेलात काहीही चूक नव्हती."

"चांगली माणसं अशीच असतात," वन्सं मला म्हणाल्या, इतक्या मायेनं की मला खाली बघावं लागलं. "दुसऱ्याचं ओझं आपल्या डोक्यावर घेतात. पण मला खरं कळतं. तेव्हा चार माणसांत तुम्हाला आठवत नव्हतं. आता चार महिन्यांनी एकदम तीनदा आठवलं?"

मी खिशातलं कार्ड काढून त्यांच्या हातात दिलं. "हे बघा. ही ती गोळी. दोन वर्षांपासूनची."

त्यांनी ते चष्म्याजवळ नेलं, बोटानं पुसलं. "नवंकोरं दिसतंय."

"प्लॅस्टिकमध्ये आहे म्हणून. मी डॉक्टरांनासुद्धा सांगून आलो."

"हो? मग त्यांनी हिला परत बोलावलं?"

"नाही. तिथं आता खुर्ची..."

"बघा म्हणजे. त्यांनाही पटलं नाही." त्यांनी कार्ड माझ्या हातात परत ठेवलं आणि वर आपला हात ठेवला. बोटांना अजून ओव्याचा मंद वास होता. "तुम्ही नका वाईट वाटून घेऊ. डोळे गेले की पाला सोडावा. उद्या एखाद्याच्या जिवावर बेतलं असतं म्हणजे? तुमच्यावर थोडक्यात भागलं, हे माझं नशीब."

मी आणखी दोनतीनदा प्रयत्न केला. जितकं पोटतिडकीनं सांगावं तितक्या त्या कळवळून माझ्याकडं बघायच्या. शेवटी त्यांनी ताईंना चहा टाकायला सांगितला. चहा झाला तो मी प्यायलो. स्वयंपाकघरातल्या फळीवर ते मोठं तेलाचं पातेलं पालथं घातलेलं होतं, आणि त्यावर ताईंनी कांदे-बटाटे ठेवायची टोपली टेकवली होती.

ताई मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या. दोन पायऱ्या उतरून मी थांबलो. वळून म्हणालो, "ताई, काय केलं म्हणजे पटेल हो त्यांना?"

"खोटं पटवताना नव्हतं विचारलंत."